साराला विचारलं होतं का? ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

मागच्या वेळी आपण कीर्कगार्दपाशी थांबलो होतो. 1843 मधल्या त्याच्या ‘भय आणि कंप’ या पुस्तकातला अब्राहाम देवाच्या शब्दाखातर पोटच्या पोराचा बळी द्यायला निघतो, आणि ते कुणाला समजावून सांगू शकत नाही. श्रद्धेची किंमत ती हीच, असं आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “सर, साराला विचारलं होतं का?” वर्ग हसला. आम्हीही हसलो नि पुढे गेलो. चुकलंच आमचं. उत्पत्तीच्या त्या 22व्या अध्यायात सारा कुठंच नाही. 23व्याच्या सुरुवातीला येते ती तिच्या मरणाची बातमी.

त्या मुलीला द्यायचं उत्तर आम्हाला निवृत्तीनंतर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त सापडलं. म्हणजे पुस्तक आधी वाचलेलं होतं हो. पण सगळे वाचतात तसंच, विनोदासाठी.

नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली. मधली पाच वर्षं म्हणजे या पुस्तकाचा गाभा, असं आमचं मत. निर्णय एकाचा, आणि ताटातूट, नातलगांची दया, लेकराची काळजी हे सगळं दुसरीच्या वाट्याला. टिळकांनीही पुष्कळ गमावलं, जात गेली, आप्त गेले, नाही कोण म्हणतो? पण त्यांनी ते जाणून-बुजून गमावलं. बाईंना कुणी निवड दिलीच नव्हती.

आणि ही अडचण सिद्धान्ताची नव्हे. ज्या बापाच्या घरी सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेत, तिथं वाढलेली ही बाई. नगरला नवऱ्याजवळ येऊन राहिल्यावरही तिचा पेच त्रैक्याचा नव्हता. पाणी कुणाच्या हातचं प्यायचं, हा होता. त्याचं उत्तर त्यांनी कुणाच्या प्रवचनातून घेतलं नाही. जाती देवानं केल्या की माणसानं, याचा स्वतःशी विचार करून त्यांनी सोवळं सोडलं, तेही बाप्तिस्म्याच्या आधी. म्हणून ती श्रद्धा पुढे खरोखर त्यांची झाली. नवऱ्यामागून फरफटत गेलेली बाई असं त्यांना म्हणणं हा त्यांचा अपमान ठरेल.

आता आमची तक्रार. लक्ष्मीबाई टिळकांना फार लवकर माफ करतात. राग आला म्हणेपर्यंत त्या एखादी फजिती सांगून मोकळ्या होतात, आपण हसतो आणि टिळक सुटतात. सोबत आपणही सुटतो. निदान आम्ही तरी सुटलो होतो.

पण मग टिळकांनी काय करायला हवं होतं? बायकोचा होकार येईपर्यंत थांबायला? ते थांबले असते तर कदाचित जन्मभर थांबले असते, आणि विवेकाला जे खरं वाटलं ते दाबून जगणं हाही एक अप्रामाणिकपणाच. यावर आमच्याकडे उत्तर नाही. पण थांबणं वेगळं आणि सांगणं वेगळं. निदान निघण्याआधी सांगता आलं असतं. अब्राहाम तर पहाटे उठून, गाढवावर खोगीर घालून निघालाच होता.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरीही सोडली, पुढे ‘देवाचा दरबार’ मांडला. पगार थांबला तेव्हा घर कसं चाललं, ते पान बाईंनी कसं लिहिलंय, ते पुढच्या गुरुवारी.