नात्यांची नावे व नात्यांचा मान

इंग्रजीत ‘इन-लॉ’ या एका शेपटावर सारे सासर भागते; आमच्याकडे मात्र दीर, जाऊ, नणंद, साडू अशी प्रत्येकास निराळी संज्ञा आहे, असा अभिमान आपण पुष्कळदा ऐकतो. या अभिमानास आधार म्हणून इरावती कर्वे यांच्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) या ग्रंथाकडे बोट दाखविण्यात येते. परंतु हा ग्रंथ अभिमान पोसण्यासाठी लिहिलेला नाही. शब्दावरून विवाहाची रीत ओळखावी, ही त्याची दृष्टी आहे.

या दृष्टीचे मोल महाराष्ट्रात विशेष जाणवते. उत्तरेत मुलगी परक्या घरी जाते. दक्षिणेत ती कित्येकदा मामाच्या किंवा आत्याच्या घरी जाते. महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर आहे. आमचे सासू, दीर, नणंद हे शब्द संस्कृतोद्भव. पण सासऱ्यास ‘मामंजी’ व सासूस ‘आत्याबाई’ म्हणणारी सून मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या जुन्या चालीची साक्ष देते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढीचा अपवाद ठेवून ही चाल मान्य केली.

तथापि शब्दांची विपुलता म्हणजे मनाची उदारता नव्हे. औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, वाचकास शेजारच्या उर्दूतील ‘जेठ’ आणि ‘देवर’ हा भेद परिचित आहे. मराठी मात्र दोघांनाही दीरच म्हणते. तेव्हा सर्वत्र आपणच श्रीमंत, असेही नाही. शिवाय आपली श्रीमंती कोठे साठली आहे, हे पाहावयास हवे. सुनेने नणंदेस ‘वन्सं’ म्हणावे, दिरास ‘भावजी’ म्हणावे. नणंद वयाने धाकटी असली तरी मान तिचाच. उलट, बायकोच्या भावासाठी असलेला ‘साला’ हा शब्द शिवी होऊन बसला! मुलीकडच्यांचे स्थान भाषेने याहून स्पष्ट कसे सांगावे?

आमच्या मते मराठीचे खरे वैभव दुसऱ्याच शब्दांत आहे. जाऊ जावेची जाऊच असते, साडू साडूचा साडू असतो, व्याही व्याह्याचा व्याही आणि विहीण विहिणीची विहीण. सासू-सून किंवा नणंद-भावजय या जोड्यांत पायरी आहे. या शब्दांत ती नाही. विवाहाने जोडलेली दोन माणसे एकाच नावाने एकमेकांस ओळखतात. पण व्यवहार पाहावा, तर वरमाईची विहीणपंगत थाटाने उठते आणि वधूपिता हात जोडून उभा राहतो. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला. मानपान त्यानंतरही उरला. शब्दाने समता दिली, ती आचाराने परत घेतली.

म्हणून ‘वन्सं’ मागे पडले, यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण ‘व्याही’ आणि ‘विहीण’ यांच्या जागी ‘मुलाकडचे’ व ‘मुलीकडचे’ एवढेच उरले, तर ती हानी होय. कारण त्या दोन शब्दांत आपल्या समाजाने जे कबूल केले, ते आचरणात आणणे अद्याप बाकी आहे.