नामधारक विचारतो

गुरुचरित्राचा सप्ताह करणाऱ्याची नजर ओव्यांवर कमी आणि उरलेल्या अध्यायांवर जास्त असते. त्यामुळे अध्यायाच्या तोंडाशी नामधारक काय विचारतो, इकडे लक्ष जातच नाही. ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर यांची कारागिरी मात्र तिथेच दिसते. सारा ग्रंथ सांगणारा सिद्ध आणि विचारणारा त्याचा शिष्य नामधारक या दोघांच्या बोलण्यातून पुढे सरकतो. सिद्ध एकटाच बोलत राहिला असता, तर ते नुसते माहात्म्य झाले असते. विचारणारा समोर बसला आणि माहात्म्याची गोष्ट झाली.

काही ठिकाणी हा विचारणारा अगदीच कामचलाऊ वाटतो. ‘पुढे काय झाले?’ यापलीकडे त्याला काही सुचत नाही. अकराव्या अध्यायातही तो एवढेच विचारतो की, श्रीपाद श्रीवल्लभांचा पुढचा अवतार कसा झाला? पण या साध्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला थेट वऱ्हाडात, कारंज्याला माधव आणि अंबा यांच्या घरी आणून सोडते.

आणि इथे कवीने गंमत केली आहे. एवढ्या बोलक्या ग्रंथाचा नायक, माधव-अंबेचा मुलगा नरहरी, जन्मताच ॐकार उच्चारतो आणि पुढे दुसरा शब्दच काढत नाही. सातवे वर्ष येते, आईबाप काकुळतीला येतात. आई विचारते, तेव्हा नरहरी खुणेनेच यज्ञोपवीत आणि मौंजी दाखवतो. मुंज करा, मग बोलेन. तोंड न उघडता दिलेले हे ग्रंथातले सर्वांत नेमके उत्तर आहे.

मुंजीच्या मांडवातली कुजबूज तर मला साऱ्या चमत्कारांहून प्रिय आहे. मुक्या पोराला गायत्री कशी शिकवणार, एवढा पैसा कशाला घालवायचा, असे काही जण म्हणतात. दुसरे म्हणतात, काही का होईना, आपल्याला मिष्टान्न आणि दक्षिणा मिळाल्याशी कारण. ही माणसे वऱ्हाडातल्या कुठल्याही मांडवात आजही भेटतील. त्यांच्या शंकेला कोणी उलट उत्तर देत नाही. आई भिक्षा घालते आणि मुलाच्या तोंडून पहिल्या भिक्षेला ऋग्वेद, दुसऱ्या भिक्षेला यजुर्वेद आणि तिसऱ्या भिक्षेला सामवेद उमटतो.

मग तो तीर्थयात्रेला निघायची आज्ञा मागतो. आईचा आक्रोश हाच या कथेतला सर्वांत अवघड प्रश्न. ज्ञानाचा उपदेश तो करतोच, पण तेवढ्यावर भागवत नाही. तिला जुळे पुत्र होईपर्यंत घरी थांबतो. मला त्या उपदेशापेक्षा हे थांबणे मोठे वाटते.

आता प्रश्न येतो आहे हे वाचणाऱ्याला कसे कळते, ते पाहा. स्पॅनिशमध्ये प्रश्नार्थक वाक्याच्या आधीही एक उलटे प्रश्नचिन्ह घालतात. वाचणाऱ्याला सुरुवातीलाच सूर धरता यावा म्हणून स्पेनच्या राजअकादमीने 1754 साली तशी शिफारस केली. जुन्या पोथीत तर स्वल्पविरामही नसे. तिथे चिन्हाचे काम सरस्वती गंगाधर शब्दांनी करतात: आधी विचारणाऱ्याचे नाव घेतात, त्याला हात जोडायला लावतात आणि मग प्रश्न मांडतात. मोठ्याने वाचणाऱ्याचा आवाज आपसूक चढतो.

कारंज्याच्या दुसऱ्या परंपरेतही कथा अशीच सुरू होते. इथल्या जैन ग्रंथमालेत डॉ. हिरालाल जैन यांनी 1933 साली पुष्पदंताचे अपभ्रंश काव्य ‘णायकुमारचरिउ’ संपादून काढले. त्यातही राजा श्रेणिक विचारतो आणि गौतम गणधर सांगतात.

कारंज्याच्या गुरुमंदिरात पारायणाला बसाल, तेव्हा अकरावा अध्याय तेवढा घाईने उरकू नका. नामधारकाचा प्रश्न संपला की क्षणभर थांबा आणि मगच सिद्धाला बोलू द्या.