लॉर्ड ब्यूट : सत्ता गेली, संशय उरला

१४ ऑगस्ट १७६५ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरात एका झाडाला मुद्रांक अधिकारी अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा टांगलेला दिसला. शेजारी एक मोठा बूट लटकत होता आणि त्यातून सैतान डोकावत होता. हा बूट म्हणजे जॉन स्टुअर्ट, स्कॉटलंडचा तिसरा अर्ल ऑफ ब्यूट. 'ब्यूट' आणि 'बूट' उच्चाराला जवळचे, जॉनचे घरगुती रूप 'जॅक'. तेव्हा स्वाराचा 'जॅकबूट' हीच त्याची खूण झाली. व्यंगचित्रकारांना आणखी काय हवे! गंमत अशी, की मुद्रांक कायदा ग्रेनव्हिलच्या मंत्रिमंडळाचा होता. ब्यूटने पंतप्रधानपद सोडल्याला तेव्हा दोन वर्षे उलटून गेली होती.

त्याची प्रत्यक्ष कारकीर्द अगदी आखूड. १७५५ मध्ये तो राजपुत्र जॉर्जचा शिक्षक झाला, १७६० मध्ये शिष्य गादीवर आला आणि २६ मे १७६२ ते ८ एप्रिल १७६३ ब्यूट पंतप्रधान होता. पॅरिसच्या तहाने त्याने सप्तवार्षिक युद्ध संपवले, सायडरवर कर बसवून सफरचंद पिकवणारे परगणे दुखावले आणि तो पायउतार झाला. त्यातून तो स्कॉटिश. आडनाव पदच्युत राजघराण्याचे, आणि कलोडनची लढाई होऊन जेमतेम सोळा वर्षे झालेली. विल्क्सच्या 'नॉर्थ ब्रिटन'ने हे सारे पुरेपूर वापरले.

पत्रकबाजी समजू शकते. पण १७७० मध्ये एडमंड बर्कने दरबारातील गुप्त प्रभावाचा सिद्धांत मांडला, आणि बर्कच्या वजनामुळे पुढच्या अनेक इतिहासकारांनी तो जवळजवळ जसाच्या तसा उचलला. १९३९ मध्ये रॉम्नी सेजविकने तिसऱ्या जॉर्जची ब्यूटला लिहिलेली पत्रे प्रसिद्ध केली. त्यांत कारस्थान शोधणाऱ्याच्या हाती, प्रत्येक गोष्टीत गुरूचा कौल मागणारा एक बुजरा तरुण लागतो. आणि १७६५ मध्ये काय घडले? ग्रेनव्हिलने हट्ट धरून ब्यूटच्या भावाला, स्टुअर्ट मॅकेन्झीला, स्कॉटलंडमधील पदावरून काढायला लावले. राजाने त्याला शब्द दिलेला होता, तोही मोडावा लागला. पडद्याआडून राज्य हाकणाऱ्याला सख्ख्या भावाची जागा राखता येऊ नये?

म्हणून ब्यूटला निर्दोष ठरवण्याची जी लाट अलीकडे दिसते, तीही मला पटत नाही. बर्कचा तपशील चुकला, तक्रार पोकळ नव्हती. कॉमन्समध्ये स्वतःचा आधार नसलेला माणूस केवळ राजाच्या मायेवर सर्वोच्च पदी बसला होता. पक्षवाले तेवढे भ्रष्ट, हा धडा त्यानेच राजपुत्राला दिलेला. तह मंजूर करून घ्यायची वेळ आली, तेव्हा सभागृह सांभाळायला त्याने हेन्री फॉक्सला आणले. म्हणजे ज्या वशिल्याच्या राजकारणाची शिष्याला किळस शिकवली, त्यातलाच मुरलेला गडी! डिसेंबर १७६२ मध्ये तहाचा मसुदा ३१९ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाला. पाठोपाठ न्यूकॅसलच्या गोटातील लहानमोठ्या अधिकाऱ्यांना, पार खालच्या पायरीपर्यंत, नोकऱ्यांवरून काढण्यात आले. ब्यूटच्या कारकिर्दीचे माप घ्यायचे तर ते त्या गुप्त बैठकांवरून घेण्याऐवजी या उघड बडतर्फ्यांवरून घ्यावे.