एका टाकाचा भास

दासबोध म्हटले की बहुतेकांना मूर्खलक्षणांचा समास आठवतो. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास, ‘लेखनक्रियानिरूपण’, सहसा कुणी आठवत नाही. पारायणात तो भराभर म्हणून पुढे जाणारे मी पाहिले आहेत. 200 समासांच्या ग्रंथात या समासाच्या वाट्याला ओव्या आल्या आहेत जेमतेम 20, आणि विषय आहे पोथी कशी लिहावी. ना ब्रह्म, ना माया. पण एखाद्या कामाची घडी बसवून देणारे इतके रसाळ लेखन मराठीत मला दुसरे सापडलेले नाही.

काळ सतराव्या शतकाचा. मराठी छापखाना अजून दूर होता. ग्रंथ पसरायचा तो हातांनी: एका मठातली पोथी दुसऱ्या मठात उतरवून घ्यायची, त्या प्रतीवरून तिसरी. एका हातून काना निसटला की पुढच्या साऱ्या प्रतींतून तो निसटलाच. तेव्हा लेखन ज्याच्या त्याच्या हातोटीवर सोडून चालणार नव्हते. दासबोधकर्त्या समर्थ रामदासांनी ते बारीकसारीक तपशिलांसह बांधून दिले. पान आधी शिसाने आखून घ्यावे. ओळींतले अंतर कुठे कमी, कुठे जास्त होऊ नये. वरच्या ओळीचे लांबलेले अक्षर खालच्या ओळीला टेकू नये.

हे नुसते सांगितले असते तर ते कारकुनी टिपण झाले असते. तिसरी ओवी मोठ्याने म्हणून पाहावी. अक्षरे, काने आणि आडव्या मात्रा यांविषयी ती बोलते आणि पहिले तिन्ही चरण ‘नीट’ या एकाच शब्दावर येऊन थांबतात. समर्थांना यमकांचा तुटवडा नव्हता. इथे त्यांनी मुद्दाम तोच शब्द तीनदा ठेवला आहे, असे मला ठामपणे वाटते. अक्षरांच्या सारखेपणाची ओवी स्वतःच सारखी झाली आहे. त्याआधीच्या ओवीत ओळींना मोत्यांच्या माळांची उपमा आहे. ती गोड आहे, पण माझा जीव या ‘नीट’वर अधिक.

चौथी ओवी तर या समासाचा गाभाच. पहिले अक्षर जसे काढले तसेच ग्रंथ संपेपर्यंत पाहत जावे, आणि सारे एकाच टाकाने लिहिले असे वाटावे. या ‘वाटे’पाशी थांबायला हवे. एवढी पोथी एका टाकाने कधी लिहून होत नाही. बोरूचे टोक झिजते, फाटते, पुन्हा तासावे लागते. समर्थांना हे पक्के ठाऊक होते. पुढे त्यांनीच देशोदेशीचे सरळ, घट्ट बोरू जमवायला सांगितले आहे, टाक तोडण्याचे नाना प्रकारही नोंदले आहेत. म्हणजे टाक अनेक, हात थकलेला, शाई रोज नव्याने कालवलेली. तरी काळेपणा तोच, जाडी तीच, वळण तेच. सारखेपणा आपसूक येत नाही. दर बदलाच्या वेळी तो नव्याने साधावा लागतो.

आठव्या ओवीत शोधणाऱ्याला कुठे अडू नये, चूक सापडू नये, असे सांगून झाल्यावर लेखकाची गरजच पडू नये अशा अर्थाचे बोल येतात. अक्षर लागत नाही म्हणून लिहिणाऱ्याला विचारायला जावे लागले तर काम फसले. समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची दासबोधाची डोमगावची प्रत धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी छापून काढली तेव्हा कल्याणांना जाऊन जवळजवळ दोन शतके लोटली होती. विचारायला जाणार कुठे?

आणि लगेच बाराव्या ओवीत नेमके उलटे. असा जपून लिहिलेला ग्रंथ पाहून लोकांना हेवा वाटतो. हा माणूस एकदा पाहायलाच हवा, असे ते म्हणतात. चार ओव्यांपूर्वी ज्याची गरज उरली नव्हती, त्याचीच आता ओढ लागते. मला या समासातले हे सर्वांत मोठे सौंदर्य वाटते. ठरलेल्या रीतीने केलेल्या कामात माणूस पुसला जातो, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. समर्थांच्या पोथीत माणूस आपली लकब पुसत जातो, आणि त्या पुसण्यातल्या कष्टांनीच लोकांच्या डोळ्यांत भरतो.

एक गोष्ट झाकून रसग्रहण करणे मात्र बरे नव्हे. समासाचा पहिला शब्दच हे काम ब्राह्मणांकडे सोपवतो. बालबोध लिपीत लिहिण्याचा अधिकार तेव्हा किती आकुंचित होता, त्याची ती खूण आहे आणि ती बोचते. पुढच्या ओव्यांतली भाषा मात्र कसबी माणसाची आहे: सुऱ्या, कातऱ्या, खळ, कागद घोटायचे घोटाळे, हिंगूळ, अळिता. जाड कागद आणून त्याला खळ द्यावी, घोटून घ्यावा, म्हणजे शाई फुटत नाही.

दहावी ओवी मला वयाबरोबर अधिक आवडू लागली. तरुणपणी फार बारीक लिहू नये, ते म्हातारपणी कामाचे नाही; अक्षर मध्यम असावे. नियम घालून देताना समर्थांनी लिहिणाऱ्याचे पुढे मंदावणारे डोळेही हिशेबात धरले. पुढच्याच ओवीत कागदाच्या म्हातारपणाचाही विचार आहे: चहूकडे जागा सोडावी, कडा झडल्या तरी अक्षर झडू नये. जुन्या पोथीचे सुटे पान हातात घेतले, बोटांना कडेचा भुगा लागला आणि मजकूर मात्र शाबूत दिसला, की ही ओवी खरी कळते.

शेवटी बासने, सिंदुरी मेणकापडे, पेट्या, कुलपे येतात, आणि पोथी बांधून झाल्यावर पुढचा समास सांगतो की लेखनभेद झाले, आता अर्थभेद ऐका.