नकलेने जिंकलेली लढाई

व्हिडिओ गेमच्या यंत्रांचा इतिहास लढायांचा म्हणून सांगितला जातो. निन्टेंडो विरुद्ध सेगा, सेगा विरुद्ध सोनी, मग सोनी विरुद्ध मायक्रोसॉफ्ट. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गोरेगावापर्यंत यातली एकही लढाई पोचली नाही.  नव्वदीत एखाद्या घरी टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम असलाच, तर तो निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल असे. शॉ वॉलेस कंपनीने १९९५च्या सुमारास सेगाची यंत्रं भारतात आणली खरी, पण ती परवडणार कोणाला? अस्सल आणि नक्कल एवढीच लढाई आपल्याकडे झाली आणि ती नकलेने सहज मारली.

याचं कारण यंत्राच्या पोटातच होतं. फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानात विक्रीला आला. त्याच सुमारास अमेरिकेत सुमार कॅसेटींच्या पुरात अटारी कंपनीचा धंदा बुडत होता. त्यामुळे १९८५ साली अमेरिकेत उतरताना निन्टेंडोने यंत्रात कुलूप घालणारी चिप बसवली. परवान्याशिवाय काढलेली कॅसेट चालेना. जपानी यंत्राला हे कुलूप नव्हतं. तैवानी कारखान्यांनी नेमकं तेच उचललं आणि पुढे सगळी करामत एकाच चिपमध्ये बसवली. असा स्वस्तातला डबा उघडला की हिरव्या पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका दिसे. चित्र, आवाज, हिशेब, सगळं त्या ठिपक्याखाली.

या नकलेचे उपकार मी मानतो. तिच्यामुळे १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ खेड्यापाड्यांत खेळला गेला, आणि तो अव्वल दर्जाची कलाकृती आहे. सगळा खेळ जेमतेम ४० किलोबाइटचा. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. पहिल्याच पडद्यावर समोरून एक शत्रू चालत येतो, आणि उडी मारायची असते हे एक अक्षरही न वाचता कळतं. इंग्रजी न येणाऱ्या पोराला हा खेळ आपला वाटला, तो या कारागिरीमुळे.

पण नकलेने आपल्याला या कलेचा एकच कोपरा दाखवला. ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या पिवळ्या कॅसेटीत खरे खेळ मोजकेच; तेच पुन्हा वेगळ्या लेव्हलपासून सुरू होत. अशा कॅसेटीत खेळ जतन करणारी बॅटरी नसे. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ‘कॉन्ट्रा’ आला, ‘डक हंट’ आला. पण दिवसेंदिवस चालणारे, वाचावे लागणारे ‘झेल्डा’ किंवा ‘ड्रॅगन क्वेस्ट’सारखे खेळ आपल्या वाट्याला आलेच नाहीत. व्हिडिओ गेममध्ये गोष्ट सांगता येते, हे एका अख्ख्या पिढीला दिसलंच नाही. मराठीत या कलेची समीक्षा रुजली नाही, त्याचं मूळ मला इथे दिसतं. ज्याच्याकडे दोन घटकांची करमणूक म्हणूनच पाहिलं, त्यावर लिहिणार कोण?

पुढे प्लेस्टेशन २ शहरातल्या पार्लरांमध्ये तासावर खेळायला मिळू लागला, तोही बहुधा कॉपी केलेल्या डिस्कवर. मग स्वस्त डेटा आला आणि २०१८ नंतर ‘पबजी’ने सगळ्यांना मोबाइलवर नेलं. २०२१च्या फेब्रुवारीत प्लेस्टेशन ५ भारतात आला तो ४९,९९० रुपयांना. सोयाबीनवर घर चालवणाऱ्याने या किमतीचा विचारही का करावा?

अशा काळात पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ केला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. त्यासाठीची २०१७ची लोकवर्गणीची मोहीम फसली, तरी मंडळी थांबली नाहीत. भावाला शोधत निघालेल्या राजीची गोष्ट यात मधूनमधून बाहुल्यांच्या सावल्यांतून उलगडते. आपल्याकडच्या पिंगुळी गावात चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिलेल्याला ते दृश्य परकं वाटणार नाही. खेळाच्या त्रुटीही स्पष्ट आहेत: लढाईत सफाई कमी पडते आणि शेवट अर्ध्यावर तोडल्यासारखा होतो. पुढच्या आवृत्तीत हिंदी आवाज आले. पुण्यात घडलेल्या खेळात मराठी आवाज असावेत, अशी माझी अपेक्षा आहे. आणि हा खेळ सर्वांत आधी आला तो निन्टेंडो स्विचवर, म्हणजे कंपनीने भारतात अधिकृतपणे विक्रीलाच न आणलेल्या यंत्रावर.