पन्नास हर्ट्झची आकृती

धडगाव तालुक्यातल्या बिलगावात, उदई नदीच्या धबधब्यावर, 2003 साली 15 किलोवॅटचा छोटा जलविद्युत संच सुरू झाला. केरळच्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’चे अभियंते, नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते आणि श्रमदानाला उतरलेले आदिवासी गावकरी यांनी तो उभा केला. 2006च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्यात तो बुडाला. ग्रिडशी न जोडलेल्या अशा एकट्या संचापुढे एक प्रश्न रोजचाच असतो. गावाने दिवे मालवले की टर्बाइनवरचा भार उतरतो, ते भरभर फिरू लागते आणि फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झच्या वर चढते. त्यावर रूढ उपाय असा, की उरलेली वीज हीटरकडे वळवायची आणि एकूण भार कायम राखायचा. मापन-नियंत्रणाचे चित्ररूप प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याने पहिली खरी आकृती याच प्रश्नाची काढावी, असे मला ठामपणे वाटते.

जेफ कोडोस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेले लॅबव्ह्यू हे अशा चित्ररूप प्रोग्रॅमिंगचे साधन 1986 साली ऑस्टिनच्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने प्रथम मॅकिंटॉशवर आणले. त्यात प्रोग्रॅमला दोन अंगे असतात. पुढे फ्रंट पॅनल: काटे, आलेख, बटणे. मागे ब्लॉक डायग्राम, आणि खरा रस तिथे आहे.

आपली आकृती डावीकडून वाचू. मापन कार्डाकडून फ्रिक्वेन्सी येते. अपूर्णांकी संख्या म्हणून तिची तार नारिंगी. ती वजाबाकीच्या त्रिकोणात शिरते, दुसऱ्या टोकाला 50. फरक बाहेर पडतो, एका गुणकाने गुणला जातो, 0 ते 100 टक्क्यांच्या मर्यादेत बसवला जातो आणि हीटरकडे जातो. या सगळ्याभोवती व्हाइल लूपची जाड राखाडी चौकट. आत मिलिसेकंद मोजणारे घड्याळ, कोपऱ्यात थांबण्याचा लाल ठिपका, त्याला बटणाची हिरवी तार. इथे ‘आधी हे, मग ते’ असे कुठेच लिहिलेले नाही. वजाबाकी थांबते ती दोन्ही संख्या हाती येईपर्यंत. त्या आल्या की लगेच होते. क्रम ठरतो तो कोणाला कोणाची गरज आहे यावरून. ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही, ती कामे एकाच वेळी चालू शकतात. कोणते काम कशावर अवलंबून आहे हे इतक्या उघडपणे सांगणारी लेखनपद्धती मला फार मोलाची वाटते.

पण नुसत्या गुणकाने काम भागत नाही. हीटरवर भार टिकवायचा तर थोडा फरक शिल्लक ठेवावाच लागतो; तो शून्य झाला की हीटरही बंद. म्हणून प्रत्येक फेरीतला फरक बेरजेत साठवत जायचा आणि ती बेरीज हीटरच्या आकड्यात मिळवायची. त्यासाठी चौकटीच्या दोन्ही कडांवर शिफ्ट रजिस्टरची जोडी बसते. या फेरीत उजव्या कडेला जे पोचले, ते पुढच्या फेरीत डाव्या कडेतून परत येते. दोन छोट्या बाणांत आकृतीला स्मरण मिळते आणि फ्रिक्वेन्सी नेमकी 50वर येऊन स्थिरावते. सबंध रचनेतली सर्वांत सुंदर जागा हीच. मात्र डावीकडे बाहेरून आरंभीचे शून्य जोडायला विसरू नये. ते नसेल तर प्रोग्रॅम मेमरीत असेपर्यंत मागच्या वेळची बेरीज तशीच राहते. पुन्हा चालवताना हीटर कालच्या हिशेबाने पेटतो. चूक अशी की तार तुटलेली दिसत नाही, रन बटणावरचा बाण अखंडच असतो.

नवशिक्याने ब्लॉक डायग्रामच्या वरच्या पट्टीतला बल्ब पेटवून आकृती संथ गतीने चालवावी. तारांमधून सरकणारे ठिपके आणि प्रत्येक टप्प्यावरचा आकडा पाहताना फीडबॅक म्हणजे काय ते जितके स्पष्ट होते, तितके पाठ्यपुस्तकातल्या चौकोनांतून होत नाही. आकृती एका पडद्यात मावेल एवढीच ठेवावी; तारांचा गुंता झाला की पद्धतीचा सगळा गुण जातो. आणि लॅपटॉपवर जमलेले नियंत्रण खऱ्या टर्बाइनला तसेच जोडू नये. विंडोज मध्येच दुसऱ्या कामात गुंतते, घड्याळाची फेरी चुकते आणि तेवढ्यात यंत्राचा वेग हाताबाहेर जाऊ शकतो. तिथे स्वतंत्र रिअल-टाइम कंट्रोलर हवा आणि त्याच्याही पलीकडे पाणी तोडणारी यांत्रिक सोय.

2020पासून लॅबव्ह्यूची कम्युनिटी आवृत्ती अव्यावसायिक आणि महाविद्यालयीन अभ्यासाबाहेरच्या वापरासाठी मोफत आहे. मापन कार्ड नसले तरी अडत नाही. दुसऱ्या चौकटीत टर्बाइनचे साधे गणित मांडा, गावाचा भार फ्रंट पॅनलवरच्या स्लाइडरला द्या, तो झपकन खाली ओढा आणि आलेखावरची फ्रिक्वेन्सी किती वेळात सावरते ते पाहा. अभियांत्रिकीच्या मुलांनी पहिल्या सत्रातच हा प्रयोग करावा.