गेलेल्यांचे घर

दिवाळी सरली की आमच्या मोताळ्याच्या शाळेतली काही बाके रिकामी होतात. आईबाप कामाच्या शोधात गाव सोडतात आणि पोरे त्यांच्या मागोमाग जातात. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. त्यात मी 'पालकांचे स्थलांतर' एवढे दोन शब्द लिहून सही करतो. ते दोन शब्द खोटे नसतात. पण पुरे असतात काय, हा प्रश्न मला अलीकडे छळू लागला आहे. तो मनात घालून दिला मॉरिशसच्या एका दप्तराने.

ही हकिगत मराठी घरांत फारशी सांगितली जात नाही. १८३५ साली मॉरिशसमधली गुलामगिरी उठली, आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. १८३४ पासून पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांवर हिंदी माणसे करारावर तिथे उतरली. बिहारकडची सर्वांत अधिक; पण मुंबई बंदरातून रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची आपली माणसेही गेली. त्यांच्या वंशजांकडे आजही गणपती बसतो, झाकडी नाचली जाते आणि शाळेत मराठी शिकवले जाते.

पोर्ट लुई बंदरात ती उतरली तो घाट १८४९ साली बांधला. त्याच्या सोळा पायऱ्या अजून जपल्या आहेत. पूर्वी त्याला कुली घाट म्हणत. १९८७ साली त्याचे नाव आप्रवासी घाट झाले, आणि २००६ साली तो जागतिक वारशात गेला. मजुरांची दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जहाज, मळा, असे त्यातले रकाने. पुढे छायाचित्रेही आली.

टीकाकाराच्या नजरेने पाहिले तर या दप्तराचा एक गुण मान्य करावाच लागेल. त्यात उसासा नाही, अलंकार नाही. ते प्रेमाने लिहिलेलेच नव्हे. मजूर करार मोडून पळाला तर ओळखता यावा, यासाठी ही सारी लिखापढी होती. दैवाचा खेळ असा, की ज्या छायाचित्राने पणजोबांना जखडले, तेच आज पणतूने चौकटीत घालून भिंतीवर लावावे!

पण उणीवही तिथेच आहे. हे दप्तर धक्क्यावर सुरू होते. कर्ज किती होते, रान कोणाकडे गहाण पडले, उंबऱ्यात कोण उभे होते, याला रकाना नाही. पाळण्यातले नावसुद्धा कारकुनाच्या कानावर पडले तसे उतरले, आणि पुष्कळ घरांत पुढे तेच आडनाव झाले. 'आप्रवासी' या शब्दाचाच अर्थ पाहा: बाहेरून आत आलेला. तो शब्द पोहोचल्या किनाऱ्याचा आहे. निघालेल्या किनाऱ्याचा नव्हे.

उलट स्वीडनमधले उदाहरण घ्या. त्या थंड देशातून सुमारे ऐंशी वर्षांत बारा लाखांवर माणसे अमेरिकेला गेली. त्यांच्या स्मरणार्थ वेक्शो या गावी १९६८ साली संग्रहालय झाले. त्याच्या नावाचा अर्थ 'बाहेर पडलेल्यांचे घर'. ते अमेरिकेत नाही. ज्या स्मोलंड प्रांतातून माणसे गेली तिथेच, मागे राहिलेल्यांनी, उभारले आहे. विल्हेल्म मोबेर्ग या कादंबरीकाराची लिहिण्याची खोलीही तिथे मांडली आहे. १९४९ ते १९५९ या काळात त्याने देशांतरावर चार कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीत जहाज फार उशिरा येते. त्याआधी दगडांनी भरलेले शेत येते, दुष्काळ येतो. उपाशी राहिलेली लहान पोर जवाची लापशी पोटभर खाते, आणि ती पोटात फुगून मरते. त्यानंतर तिची आई गाव सोडायला राजी होते. 'पालकांचे स्थलांतर' या दोन शब्दांमागे काय दडलेले असते, ते मला त्या प्रसंगाने शिकवले.

माझ्याही एका कादंबरीत गाव सोडणारा मुलगा आहे. तो मलकापूर स्टेशनात गाडीत बसला, आणि मी प्रकरण संपवले. वाचकांना तो शेवट आवडला. आज वाटते, मी तिथे कारकुनाचेच काम केले. फरक इतकाच, की त्याने धक्क्यापासून सुरुवात केली आणि मी फलाटावर शेवट केला.

रजिस्टरात मला खाडाखोड करता येत नाही. म्हणून यंदा एक साधी दोनशे पानी वही आणली आहे. नाव कमी करण्यापूर्वी पोराला जवळ बसवून विचारतो: घरी कोण राहणार? बैल कोणाकडे बांधला? कुत्र्याला भाकरी कोण घालणार? दिवाळीला दूरची माणसे आपल्याही घरी येतील. फराळाची ताटे उचलण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या आईला एवढेच विचारावे, की तो पहिल्यांदा गेला त्या दिवशी घरात काय झाले होते. आणि ती सांगेल ते लिहून ठेवावे.

माझ्या वहीची आठ पाने भरली आहेत. नवव्या पानावर फक्त नाव आहे. ते पोर विचारण्याआधीच गेले.